मुलांना खोटं ठरवण्याआधी फोनची बॅटरी तपासा



आधीच सांगते, पोस्ट मोठी आहे आणि काहींना टोचेल. मला स्वतःला टोचलंय, म्हणूनच लिहितेय.

गेल्या जानेवारीत माझी सोळा वर्षांची लेक मैत्रिणींबरोबर न्यूयॉर्कला गेली होती. संध्याकाळी परत मेट्रोपार्कला उतरली. कडाक्याची थंडी, पारा शून्याच्या बराच खाली. मी स्टेशनच्या एका बाजूला गाडीत, ती दुसऱ्या बाजूला. फोन लावला तर बंद. चाळीस मिनिटं आम्ही एकमेकींना शोधत होतो. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, २३ टक्के होते गं, अचानक बंद पडला." घरी येऊन मी फोन चालू केला, तर स्क्रीनवर २१ टक्के! झालं. "एवढी बॅटरी आहे की! मुद्दाम बंद केलास ना?" आठवडाभर फोन काढून घेतला. ती एवढंच म्हणाली, "तुझा त्या आकड्यावर विश्वास आहे, माझ्यावर नाही."

तो फोन माझाच जुना. चार वर्षं वापरून तिला दिलेला. जप्तीच्या त्याच आठवड्यात ओक ट्री रोडवर किराणा घेताना माझ्या फोनची बॅटरी संपली, म्हणून पर्समधला तिचा काढला. गाडीपाशी थंडीत उभी राहून नवऱ्याला फोन लावला आणि ३१ टक्क्यांवर तो माझ्या हातात बंद पडला. घरी, उबेत, परत चालू झाला. २८ टक्के!

मी सीए आहे. वीस वर्षं लोकांच्या आकड्यांवर शंका घेणं हेच माझं काम. आणि घरात मात्र एका न तपासलेल्या आकड्यावर मी सही करून मोकळी झाले होते.

हा आकडा येतो कुठून, ते समजून घ्या. बॅटरीचा टक्का म्हणजे गल्ल्यातली मोजलेली रोकड नव्हे. ताळेबंदात बुडीत कर्जाची तरतूद असते ना, तसा तो अंदाज आहे. फोन आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेचा हिशेब ठेवतो आणि बॅटरीच्या व्होल्टेजशी ताडून पाहतो. लिथियम-आयन बॅटरीचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ असतं, मग मधला मोठा पल्ला ३.७-३.८ च्या आसपासच रेंगाळतं आणि शेवटी धाडकन खाली येतं. त्यामुळे मधल्या पल्ल्यात नुसत्या व्होल्टेजवरून नेमकं काही कळत नाही. त्यात बॅटरी जुनी झाली की तिची क्षमता घटते, आतला विरोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो. अशा वेळी कॉल, कॅमेरा किंवा नकाशा सुरू केला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्ज शिल्लक असतो, पण उचलता येत नाही. उबेत आल्यावर व्होल्टेज सावरतं आणि आकडा परत दिसतो. म्हणजे ज्या २१ टक्क्यांना मी तिच्याविरुद्धचा पुरावा मानलं, तो खरं तर तिच्या बाजूचा पुरावा होता.

हे फक्त आमच्याच घरात घडलं असंही नाही. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने आयफोनमध्ये एक अपडेट आणलं. जुन्या बॅटरीचे फोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून ते फोनचा वेग कमी करत होतं. ग्राहकांना हे स्पष्ट सांगितलं नव्हतं. डिसेंबरमध्ये गवगवा झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलर केला. पुढे २०२० मध्ये खटल्यांत मोठ्या रकमांच्या तडजोडी झाल्या. तोवर किती लोकांनी "फोन म्हातारा झाला" म्हणून नवे फोन घेतले असतील, विचार करा. म्हातारी झाली होती फक्त बॅटरी.

आता आपल्याबद्दल. आपण नवा फोन स्वतःला घेतो, जुना मुलांना देतो, त्याहून जुना भारतात आई-बाबांना. आणि मग "फोन का उचलला नाही?" म्हणून दोघांनाही झापतो! माझ्या सासूबाई सांगलीत वर्षभर माझं ऐकून घेत होत्या, की त्या फोन चार्जच करत नाहीत. त्या बिचाऱ्या रोज करत होत्या. दमलेली बॅटरी आपण द्यायची आणि दोष त्यांना, हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, "अगं, मुलं खोटं बोलतातच." बोलतात, मान्य. पण मग आधी पुरावा तपासा. निम्मा तास पुरतो:

१. सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघा. सगळ्याच फोनमध्ये ती दिसत नाही. नसेल तर दुकानात तपासून घ्या. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. आमची ७४ होती.

२. फोन अपडेट करून रीस्टार्ट करा. कधीकधी चूक फक्त हिशेबाची असते.

३. तरीही आकडा उड्या मारत असेल तर एकदाच फोन बंद पडेपर्यंत वापरा आणि मग न थांबता १०० पर्यंत चार्ज करा. याने आकडा सुधारू शकतो, बॅटरी सुधारत नाही. "दर आठवड्याला शून्यावर आणा" हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान ऐकू नका. त्याने बॅटरी उलट झिजते.

४. थंडीत फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवायला सांगा.

५. स्क्रीन किंवा पाठ फुगलेली दिसली तर वापर आणि चार्जिंग लगेच थांबवा. कचऱ्यात टाकू नका, दुरुस्तीच्या दुकानात दाखवा.

बॅटरी बदलायला साधारण शंभर डॉलरच्या आसपास लागतात. नव्या फोनचे आकडे तुम्हाला माहीत आहेत. आणि भारतात फोन पाठवायचाच असेल तर आधी बॅटरी बदला, मग पाठवा. नाहीतर ती भेट नाही, अडगळ आहे.

लेकीची मी माफी मागितली, तिच्या धाकट्या भावासमोर. तो आठवडा काही परत देता येत नाही. सासूबाईंनाही फोन करून सांगितलं, त्या नुसत्या हसल्या.

आज रात्री जेवणानंतर मुलांचे फोन मागून घ्या. मेसेज वाचायला नाही, बॅटरी बघायला. आणि जे निघेल ते खाली लिहा. मला खात्री आहे, माफी मागणारी मी एकटी नसणार.