बॉनेट उघडायला कसली लाज?

मागच्या दिवाळीची गोष्ट. बुलढाण्याला घरी गेलो होतो. भाऊबीज झाल्यावर ताईला मलकापूर स्टेशनवर सोडलं आणि मोताळ्यावरून परत निघालो. राजूर घाट सुरू झाला आणि गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबला की हिसका, मग जरा बरं, मग परत हिसका... चेक इंजिनचा दिवा पेटलेला. मागे एसटी हॉर्न मारतेय आणि मी दुसऱ्या गिअरवर देवाचं नाव घेत कसाबसा वर आलो.

घरी पोचलो तर निदान करायला अख्खी गल्ली हजर. शेजारचे काका म्हणाले, "ई-20 पेट्रोल! दुसरं काही नाही." (हल्ली गाडीला शिंक आली तरी लोक ई-20 लाच धरतात.) आतेभावाने फोनवरूनच फ्युएल पंपाला मूठमाती दिली.

आणि मी? मी बी.ई. मेकॅनिकल. पोटासाठी कोडिंग करतो ही गोष्ट वेगळी, पण डिग्री मेकॅनिकलची. तर या मेकॅनिकल इंजिनिअरने काय केलं असेल? पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला :)

सेंटर दिवाळीमुळे बंद. म्हणून रात्री पहिल्यांदा जुनी बिलं काढून बसलो. महिनाभर आधीच गाडी तिथे दिली होती. तक्रार हीच, सकाळी स्टार्ट केली की थरथरते. हातात टॅब घेतलेल्या एका गोड माणसाने एस्टिमेट दाखवलं होतं. इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, डीकार्बनायझेशन, लेबर, वर 18 टक्के जीएसटी. साडेआठ हजारांच्या आसपास. मी एसीत बसून कॉफी पीत 'ओके'वर बोट ठेवलं होतं. एक प्रश्न विचारला नव्हता.

मग ग्लोव्ह बॉक्समधून ओनर्स मॅन्युअल काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत, जसं आलं तसं. त्यात स्वच्छ लिहिलेलं : स्पार्क प्लग दर 40 हजार किमीला बदला. गाडी झालेली 63 हजार. सगळी बिलं चाळली, प्लगचा उल्लेख कुठेच नाही. ज्या दहा गोष्टींची गरज नव्हती त्या साफ करून झाल्या होत्या, आणि जी चार बोटभर वस्तू बदलायची होती ती तशीच आत!

राग सेंटरचा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त स्वतःचा आला. फसवायला समोरचा लागतो हे खरं, पण मी तर हातात पाटीच घेऊन बसलो होतो.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या पिढीच्या नोकरदारांनी, आणि विशेषतः नावापुढे इंजिनिअर लावणाऱ्यांनी, आयुष्यात एकदा तरी आपल्या पेट्रोल गाडीचे प्लग स्वतः बदलले पाहिजेत. पैसे वाचवायला नाही. आपण फक्त काम दुसऱ्याला दिलेलं नाही, त्याबरोबर प्रश्न विचारायचा हक्कही देऊन टाकलाय. तो परत घ्यायला.

आधी हा प्लग किती राबतो बघा. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी. सरासरी 2000 आरपीएम धरा, म्हणजे मिनिटाला 1000 ठिणग्या. ताशी 50 च्या सरासरीने 40 हजार किमी म्हणजे 800 तास. गुणाकार करा : जवळजवळ पावणेपाच कोटी ठिणग्या, एका प्लगच्या! आपला कुठला सर्व्हर एवढं इमानाने चालतो?

या ठिणग्यांनी इलेक्ट्रोडची धार झिजते आणि मधली फट वाढते. फट वाढली की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की अजून जास्त लागतं. कॉईलला ते झेपत नाही, ठिणगी चुकते, आणि हिसका बसतो. म्हणून गाडी मलकापूर ते मोताळा शहाण्यासारखी चालली आणि घाटात रडली. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. घाटात मात्र आठवलं नाही, कारण ते ज्ञान डोक्यात होतं, हातात कधी उतरलंच नव्हतं. लॅबमध्ये कापून ठेवलेलं एक इंजिन होतं, त्याला लांबून नमस्कार करून आम्ही पास झालो.

दुसऱ्या दिवशी बाजारातून चार प्लग आणले, सहाशेच्या आत. चिखली रोडवर एका मिस्त्रींचं छोटं गॅरेज आहे. त्यांच्याकडे लांब प्लगपाना आणि फीलर गेज मागितलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पाना देताना एकच वाक्य बोलले, "दादा, जास्त आवळू नका. हेड अल्युमिनियमचं हाय."

सगळ्या कामाचं सार या एका वाक्यात आहे. बाकी काम असं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं, शक्यतो सकाळीच, कारण गरम अल्युमिनियममधून प्लग काढताना आटे जातात. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. एका वेळी एकच सिलिंडर. कॉईलचं कनेक्टर काढा, बोल्ट काढा, कॉईल सरळ वर ओढा. प्लग सोडायच्या आधी त्या खड्ड्यात पंपाने हवा मारा. आमच्याकडची धूळ कशी असते माहीतच आहे, ती सिलिंडरमध्ये गेली तर संपलं. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात अडकवून हाताने फिरवत बसवायचा. आटे वाकडे बसायला लागले तर नळी घसरते, पाना घसरत नाही! हाताने पूर्ण बसला की मग पाना. 14 मिमी आट्यांच्या, वायसर असलेल्या नव्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. टॉर्क रेंच असेल तर साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आट्यांना ग्रीस-बिस लावू नका, त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो.

जुने प्लग ओळीने पेपरवर मांडले. तीन फिकट करडे, म्हणजे इंजिन ठीक जळतंय. (कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त, तेलकट असता तर ऑईल वर येतंय, पांढराफटक असता तर इंजिन तापतंय. एवढा मोठा रिपोर्ट फुकटात!) फट 1.1 मिमी हवी, ती दीडच्या आसपास गेलेली. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पोर्सिलेनवर केसाएवढी चीर. मित्राचा ओबीडी डोंगल होता, त्यात कोड आला पी 0302, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. लॉग आणि बग जुळले! प्लग बदलूनही कोड गेला नसता तर शेजारची कॉईल अदलाबदल करून बघायची. कोड कॉईलबरोबर हलला तर कॉईल दोषी. आपण हापिसात रोज हेच करतो की.

पाऊण तास लागला. संध्याकाळी मुद्दाम राजूर घाट खाली-वर केला. गाडी मक्खन.

आता तुमचे आक्षेप, जे मला तोंडपाठ आहेत.

"माझ्या तासाची किंमत बघ." बघितली. तो तास तुम्ही वेटिंग लाउंजमध्ये रील्स बघत घालवता, त्याचं बिल कोणाला लावता?

"वॉरंटी?" वॉरंटीत असेल तर हात लावू नका, नुसतं मॅन्युअल वाचा आणि बिल तपासा. तेवढ्यानेही फरक पडतो.

"मिस्त्रीच्या पोटावर पाय?" हा आक्षेप मला सगळ्यात ढोंगी वाटतो. रस्त्यावरच्या मिस्त्रीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारे आपणच, आणि काचेच्या दाराआड हजारो रुपये न विचारता देणारेही आपणच. स्वतः एकदा वाकून प्लग बसवला की कळतं, न बघता बोटांनी आटे ओळखणं म्हणजे काय. त्यानंतर मी त्या मिस्त्रींशी पैशावरून कधी हुज्जत घातली नाही.

"इलेक्ट्रिक आल्या की प्लगच नसणार." खरंय. डिझेललाही नसतात. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलला तर घरी हात लावूच नये, जीव जाईल. ब्रेक आणि एअरबॅगच्या वाटेलाही मी जात नाही. पण कुठे थांबायचं हे तरी ज्याने बॉनेट उघडलंय त्यालाच कळतं ना?

खरा आक्षेप यातला कुठलाच नाही. तो त्या सकाळी शेजारच्या काकांच्या तोंडून आला. "इंजिनिअर झाला ना रे तू? मंग कायले हात काळे करतं?" काका प्रेमाने बोलले. पण खरी लाज इथेच आहे. आपल्याकडे हात काळे होणारं काम कोणी करायचं हे जन्मावरून ठरायचं, आता पॅकेजवरून ठरतं. शिकायचं ते हात काळे होऊ नयेत म्हणून, असा आपला समज. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, आणि त्यांनीच बेळगावात सायकली विकण्या-दुरुस्त करण्याचं दुकान चालवलं. त्यातून पुढे लोखंडी नांगर आला, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी आली. मास्तर असून सायकली कसल्या दुरुस्त करायच्या, असं म्हणत ते बसले असते तर?

आणि इतकं लांब कशाला, आमच्या बाबांच्या लुनाच्या टूलकिटमध्ये प्लगपाना असायचा. गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, परत बसवायचा, रुमालाला हात पुसायचे आणि शाळेत शिकवायला जायचं. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. एका पिढीत आपण नेमके कुठे चढलो, की घसरलो?

असो. मिस्त्रींचा पाना परत केला आणि स्वतःचा एक घेतला. तो आता डिकीत असतो. कोणाला लागला तर सांगा, पुण्यात असाल तर रविवारी मीही येईन. फक्त कपडे जुने घालून या.