पस्तीस दिवसांनंतर

घाटकोपर असो वा मुलुंड, अंधेरी असो वा बोरीवली. घरातील तरुण मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करून आई-वडील परततात, त्या रात्री घरात एक वेगळीच शांतता असते. कित्येक महिन्यांनी सारे निर्धास्त झोपतात. आईने उशाखाली जपलेली दागिन्यांची डबी पुन्हा कपाटात जाते. शेजाऱ्यांना ‘नोकरीनिमित्त पुण्याला गेला आहे’ असे सांगितले जाते आणि विषय तेथेच मिटतो. तो केंद्रातून परतल्यावर काय, हा प्रश्न त्या रात्री कुणीही विचारत नाही. वास्तविक खरा प्रश्न तोच आहे.

महाराष्ट्राला निवासी व्यसनमुक्ती उपचारांची खरी ओळख करून दिली ती पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने. १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘गर्द’, म्हणजेच ब्राऊन शुगर, मुंबई-पुण्यात शिरली. डॉ. अनिल अवचट यांनी त्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी लिहिले आणि मराठी मध्यमवर्ग हादरला. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या पाठबळाने ऑगस्ट १९८६मध्ये येरवड्याला मुक्तांगण उभे राहिले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९९७मध्ये देहावसान होईपर्यंत ते सांभाळले आणि पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ती धुरा घेतली. तेथील निवासी उपचार पस्तीस दिवसांचा आहे. मुंबईत त्याआधीच, १९८१मध्ये, वांद्र्याला फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले होते. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य असलेल्या परेरा यांनी व्यसनमुक्तीच्या उपचारात योगासनांना स्थान दिले, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. मार्ग वेगवेगळे असले तरी या संस्थांनी एक गोष्ट समाजाच्या गळी उतरवली: व्यसनाधीन माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे.

अशा केंद्रांत येणारा रुग्ण काय घेऊन येतो, हे पाहिले तर त्या त्या काळातील शहराचा आरसाच समोर येतो. १९८०च्या दशकात पन्नीवर गर्द जाळून धूर ओढणारी मुले येत. अंधेरीच्या ‘नॅशनल ॲडिक्शन रिसर्च सेंटर’चे मोली चार्ल्स, के. एस. नायर आणि गॅब्रिएल ब्रिटो यांनी मुंबईतील हेरॉइनच्या व्यसनाचा रस्त्यावर उतरून अभ्यास केला. तो १९९९मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे गर्दसोबत सुई आली आणि सुईबरोबर एचआयव्ही व कावीळ. मग औषधाच्या दुकानातून मिळणारे कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि नाक्यावरच्या भाषेत ‘बटन’ म्हटली जाणारी झोपेची गोळी आली. गेल्या दशकभरात मेफेड्रोन म्हणजे ‘एम.डी.’ने उपनगरांत पाय रोवले. फेब्रुवारी २०१५मध्ये अधिसूचना निघेपर्यंत हे द्रव्य अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही नव्हते! तोवर एक अख्खी पिढी त्याची चव घेऊन चुकली होती.

गर्दचा उगम खसखशीच्या शेतात होतो आणि ती सीमा ओलांडून येते. एम.डी.ला ना शेत लागते ना सीमा. ते रसायनांपासून आपल्याच औद्योगिक वसाहतींत तयार होते. ऑक्टोबर २०२३मध्ये अंधेरीजवळच्या साकीनाका पोलिसांनी तपासाचा धागा पकडून नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखान्यावर छापा घातला आणि कोट्यवधींचा माल पकडला. शत्रू केवळ सीमेपलीकडे आहे, अशा समजुतीत राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घेतले पाहिजे. हे विष आपल्या मातीत, आपल्या माणसांकडून, आपल्याच मुलांसाठी तयार होत आहे.

परंतु पदार्थ बदलले तरी व्यसनाची घडण फारशी बदललेली नाही. आरंभ बहुधा पौगंडावस्थेत आणि तोही तंबाखू, गुटखा, सिगारेट वा बिअरने होतो. ‘एवढे तर चालतेच’ म्हणून घरात त्याकडे काणाडोळा होतो. मग एकाला दुसरे लागते. एम.डी.ने उडालेली झोप आणण्यासाठी गोळी, गोळीने येणारी सुस्ती घालवण्यासाठी पुन्हा एम.डी. आणि या दोहोंच्या मध्ये दारू. केंद्रात दाखल होताना ‘व्यसन कशाचे?’ या रकान्यात एकच नाव लिहिले जात असले, तरी त्यामागे तीन-चार पदार्थांची साखळी अनेकदा निघते. केवळ एक पदार्थ सुटला म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. गर्द सोडलेला माणूस दारूत बुडाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आणि दारू! वृत्तपत्रांचे मथळे अमली पदार्थांचे असतात, पण व्यसनमुक्ती केंद्रांच्या खाटा प्रामुख्याने दारूने भरतात. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. अफूजन्य पदार्थांबाबत मदतीची गरज असणारे सुमारे ७७ लाख आहेत. स्टेशनच्या फलाटावर रुमालातून हुंगल्या जाणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण तर प्रौढांपेक्षा मुलांमध्ये जवळजवळ दुप्पट आढळले. सर्वांत विदारक आकडा मात्र उपचारांचा आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो आणि निवासी उपचारापर्यंत १८० पैकी एकच पोहोचतो. केंद्राच्या दारात पोहोचलेला तरुण हा अशा अर्थाने भाग्यवानच. परंतु तोही सहसा वर्षानुवर्षांच्या विलंबानंतर येतो. मधला काळ जातो कुठे? तो जातो घराच्या अब्रूच्या रक्षणात.

हा विलंब आपण निर्माण करतो. ‘लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल’ हा सल्ला आजही सुशिक्षित घरांत दिला जातो. परक्या घरातील एका निरपराध मुलीला औषधाची मात्रा म्हणून वापरण्याचा हा प्रकार पाप आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. स्त्रियांचे व्यसन तर त्याहून खोल दडपले जाते. सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के आहे. पण ज्या थोड्या स्त्रियांना व्यसन जडते त्यांना दाखल करायला घरचे धजत नाहीत. मुक्तांगणने २००९मध्ये ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, तो या अदृश्य रुग्णांसाठीच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पस्तीस दिवसांनंतर काय? शरीरातून विष जाण्यास एक-दोन आठवडे पुरतात. मनातून ते जाण्यास वर्षे लागतात. उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के पुन्हा घसरतात, असे जागतिक वैद्यकीय अभ्यास सांगतात. हे प्रमाण रक्तदाब वा दम्याच्या रुग्णांनी औषध-पथ्य मोडण्याच्या प्रमाणाशी मिळतेजुळते आहे. रक्तदाब पुन्हा वाढलेल्या वडिलांना आपण घराबाहेर काढत नाही. मग मुलगा घसरला की ‘आमच्यासाठी तू मेलास’ असे का म्हणतो? घसरणीचा काळ जीवघेणाही असतो. महिनाभर पदार्थ न मिळाल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि गर्दची पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे केंद्रातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जपण्याचे.

या संदर्भात अमेरिकेचा एक अनुभव उद्बोधक आहे. व्हिएतनाम युद्धात तेथील सैनिकांत हेरॉइनचे व्यसन बोकाळले होते. १९७१मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या विदुषीने अभ्यास केला, तेव्हा तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा त्याच व्यसनात सापडलेले केवळ ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. भोवताल बदलला, नाती आणि काम परत मिळाले, त्याचा यात मोठा वाटा होता. आपल्या मुलाचे नेमके उलटे होते. तो बरा होऊन परततो तो त्याच नाक्यावर, त्याच टोळक्यात, त्याच रिकाम्या दुपारीत आणि त्याच संशयी नजरांच्या घरात.

कायदा काही अंशी शहाणा आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, स्वतःच्या सेवनासाठी वा अल्प प्रमाणातील पदार्थासह सापडलेल्या व्यसनाधीनाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण केल्यास त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे किती पालकांना ठाऊक आहे? दुसरीकडे, अगतिक पालकांच्या जिवावर रात्रीतून मुलांना उचलून नेणारी, कोंडून मारझोड करणारी दुकानेही निघाली आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा आस्थापनांना नोंदणी सक्तीची केली असून रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास पूर्ण बंदी घातली आहे. संमतीविना दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आवश्यक आहे आणि आरंभी त्याची मर्यादा ३० दिवसांची आहे. नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, नातलगांना भेटू देतात का, एवढे तीन प्रश्न विचारल्याविना कुणीही आपले मूल कुणाच्या स्वाधीन करू नये. सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

परंतु कायदा आणि केंद्र यांचे काम जेथे संपते तेथे समाजाचे सुरू होते. वस्तीवस्तीत संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी येथे पुढे यावयास हवे. परतलेल्या तरुणाला सकाळच्या मैदानावर बोलवा, मंडळाच्या कामात जबाबदारी द्या, ओळखीच्या दुकानात वा कारखान्यात साधे काम मिळवून द्या. १९५७पासून मुंबईत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या विनामूल्य सभा चालतात, पहिल्या सभेला त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत जा. आई-वडिलांनी समुपदेशनाला स्वतः बसावे, कारण उपचार घराचाही व्हावा लागतो. आणि तो घसरलाच, तर उपदेशाचे डोस न पाजता त्याला पुन्हा केंद्रात नेण्याची तयारी ठेवावी.

घरातील आजार लपवून अब्रू वाचत नाही. मुलगा वाचला तर वाचते. ‘पुण्याला नोकरीला गेला होता’ ही थाप ज्या दिवशी आपल्या सोसायटीत अनावश्यक ठरेल, त्या दिवशी पस्तीस दिवसांनंतरचा रस्ता त्या मुलासाठी खऱ्या अर्थाने मोकळा होईल.