अर्थ सापडेपर्यंत

बँकेत लागलो तेव्हा संगणक नव्हता. संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, असा शिरस्ता. एकदा नऊ पैशांचा फरक निघाला. मी खिशातून दहा पैसे काढून टेबलावर ठेवले. हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "फरक भरायचा नसतो, शोधायचा असतो." त्या नऊ पैशांनी रात्रीचे दहा वाजवले. निवृत्तीनंतर हे वाक्य पुन्हा आठवलं ते एका मोटारीमुळं.

माझी प्रीमियर पद्मिनी आता पन्नाशीला आली आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. मी हळहळण्याऐवजी गाडी दुरुस्तीला काढली. पत्रा, रंग, इंजिन सगळं झालं. गाडी देखणी दिसू लागली, पण सेल्फ कण्हू लागला. गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली. फरक नाही. मग सेल्फच बदलला, जुना भंगारात गेला. तरी फरक नाही. शेवटी एका सकाळी किल्ली फिरवली आणि चोकची केबल तापून धूर निघाला. मागच्या सीटवर नात बसली होती.

वर्ध्यातल्या एका टपरीत बॅटरी नि वायरिंगचं काम करणारे सत्तरीचे चाचा आहेत. त्यांनी आधी विचारलं, "सेल्फ काऊन बदलला जी? त्याले काय झालं होतं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी एक जाड केबल घेऊन इंजिन नि बॉडी यांना जोडली. सेल्फ गरकन फिरला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी लागते. ती नव्या रंगावरच आवळली होती. रंगातून वीज जात नाही. मग सेल्फचा सारा करंट चोकच्या केबलमधून वाट काढत होता. चाचांनी पॉलिश पेपरनं रंग खरवडला, बोल्ट आवळला. पाच मिनिटांचं काम. माझा अस्सल सेल्फ मात्र विनाकारण गेला.

जुनं ते सगळं जपा, असं माझं म्हणणं नाही. विदर्भाच्या उन्हात पन्नास वर्षं तापलेल्या वायरीचं वेष्टण वाकवताच तडकतं. ती निर्दयपणे काढावी, पण तेवढ्याच जाडीची नि त्याच रंगाची वायर घालावी, म्हणजे पुढच्याला वाट सापडेल. पॉइंट नि कंडेन्सर झिजणारच. ते नवे घ्यावेत. डायनामोचे ब्रश नि बुश बदलता येतात, त्यासाठी अख्खा डायनामो फेकायचं कारण नाही. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये पांढरा आठ अँपिअरचा नि लाल सोळाचा. तिथं सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण. ४५ वॉटचे दोन दिवे साडेसात अँपिअर घेतात, १०० वॉटचे दोन जवळजवळ सतरा. जुनं स्विच ते कसं सोसणार? असे दिवे हवेच असतील, तर रिले नि जाड वायर घालावी. त्यानं गाडीची अब्रू जात नाही.

पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी सरकारनं २०२१ साली 'व्हीए' नोंदणी आणली. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, अशी अट आहे. चांगली गोष्ट आहे. पण गाडीच्या नसा ओळखणारी माणसं कुठल्या नोंदणीत आहेत? कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे चाचा हातात घेऊन सांगतात. त्यांनी ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे. आयटीआयच्या मुलांना एखादा महिना अशा टपऱ्यांत बसवलं, तर फार खर्च येणार नाही. पार्ट बदलणारे पुष्कळ तयार होतात. दोष ओळखणारेही व्हायला हवेत.

तोवर माझ्यापुरता मी नियम केला आहे. गाडीतून निघालेला प्रत्येक भाग डब्यात जातो, वर चिठ्ठी: कुठून काढला, का काढला. 'का' लिहिता आलं नाही, तर तो भाग जिथून काढला तिथंच परत बसतो.