वॉर्डातली अमानत

गेल्या महिन्यात एका रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी अम्मी-अब्बूंना घेऊन घरी आली. दहावीपर्यंत ती माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकली. पुढे जीएनएम केले आणि आता जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. हातात डबा होता, डब्यात तिने केलेले सांदण. तिची दादी कोकणातली, हात तिचाच आलेला आहे. एक तुकडा तोंडात घातला तोच अब्बू म्हणाले, "आपा, हिला समजवा. ही टीव्हीत जायचं म्हणते."

झाले असे होते की टीव्हीवरच्या एका पाककृती स्पर्धेसाठी तिने फॉर्म भरला होता आणि पहिल्या फेरीत तिची निवड झाली होती. घरात आठ दिवस वाद चालू होता. अब्बूंचा मुद्दा सोयरिकीचा. "उद्या पाहुणे विचारतील, मुलगी टीव्हीत नाचत होती म्हणे." ती म्हणाली, "अब्बू, नाचायचं कुठंय? रांधायचंय." अम्मींचा मुद्दा ओढणीचा, मुंबईत एकटीने राहण्याचा आणि नमाजच्या वेळांचा. रुग्णालयातल्या मेट्रननी विचारले होते ते रजेचे. प्रत्येकाचा प्रश्न खरा होता, हे आधी सांगते. आईबापांची काळजी म्हणजे मागासलेपण असे मी मानत नाही.

पण माझे मन मुलीच्या बाजूला झुकले. मी त्यांना अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांची आठवण दिली. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी बाई, महिन्याला १,५०० रुपये मिळायचे. २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'मध्ये एक कोटी जिंकल्या. त्यांच्याकडे बघून कोणी म्हटले का, की बाई बिघडली? उलट खिचडी शिजवणाऱ्या बायांची मान उंचावली. आपल्या मुलीही दिसू द्या की लोकांना, इज्जतीने काम करताना. अम्मी थोड्या विरघळल्या. अब्बूंनी चहाचा दुसरा कप घेतला. मला वाटले, आपण वकिली जिंकली.

मग मुलीने खरी गोष्ट काढली.

स्पर्धेच्या मंडळींनी दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता. शक्यतो युनिफॉर्ममध्ये, जमल्यास वॉर्डातच. आणि कोविडच्या दुसऱ्या लाटेतल्या एखाद्या पेशंटची आठवण सांगा म्हणाले होते, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवे. "आपा, तुम्ही लिहून द्याल? मला नीट मांडता येत नाही."

तिने मला एका आजींची आठवण सांगितली. मी कागद घेतला आणि लिहू लागले. मराठीची शिक्षिका मी, अशा वेळी शब्द आपोआप येतात. नाव घातले नाही, गाव घातले नाही. दोन परिच्छेद झाले, मलाच भरून आले. तिने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "आपा, हे नको. नाव नसलं तरी त्यांच्या मुलाला कळेल. त्या आजी माझ्याशी बोलल्या होत्या, टीव्हीशी नाही."

मी गप्प झाले. अब्बूंना सोयरीक दिसत होती, अम्मींना ओढणी, मेट्रनना रजा, मला आपल्या मुलींची प्रतिष्ठा. जी बाई आता या जगात नाही, तिचा विचार आमच्यात फक्त या मुलीला सुचला होता. ती आठवण काय होती ते मी इथेही लिहिणार नाही. खरे तर ती मला ऐकायचाही हक्क नव्हता.

तिचे म्हणणे किती खरे होते, हे अमेरिकेतल्या एका घटनेवरून समजते. तिथल्या एबीसी वाहिनीवर 'एनवाय मेड' नावाची मालिका होती. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत कॅमेरे नेऊन खरे डॉक्टर, खऱ्या नर्स आणि खरे पेशंट दाखवायचे. एप्रिल २०११ मध्ये एका वृद्ध गृहस्थांना कचऱ्याच्या गाडीची धडक बसली आणि रुग्णालयात त्यांचे निधन झाले. चित्रीकरण होत आहे हे घरच्यांना माहीतही नव्हते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी घरी टीव्ही पाहत होती. पडद्यावर चेहरा धूसर केला होता, पण आवाज ऐकून तिने आपला नवरा ओळखला. विचार करा, इतकी वर्षे सोबत राहिलेल्या माणसाचे शेवटचे क्षण आपल्याला एका मनोरंजनाच्या कार्यक्रमातून कळावेत! पुढे तक्रार झाली आणि २०१६ मध्ये त्या रुग्णालयाला सरकारशी तडजोड करून २२ लाख डॉलर भरावे लागले.

याच मालिकेत दिसणारी एक नर्स होती, केटी ड्यूक. हुशार, बोलकी, प्रेक्षकांची आवडती. तिची नोकरी गेली, पण टीव्हीवर दिसल्यामुळे नाही. रेल्वेखाली सापडलेल्या एका माणसावर उपचार झाल्यानंतर रिकाम्या, अस्ताव्यस्त खोलीचा फोटो तिने इन्स्टाग्रामवर टाकला, वर चुरचुरीत ओळ घातली. फोटोत पेशंट नव्हता, नावही नव्हते. रुग्णालयाचे म्हणणे असे की नियम मोडला नसेल, पण हे असंवेदनशील आहे. तेवढ्यावर नोकरी संपली. पुढे तिला दुसरीकडे काम मिळाले, शिक्षणही वाढवले. म्हणजे अशा चुकीने आयुष्य संपत नाही. पण कॅमेऱ्याची सवय झाली की वॉर्डातली कुठली गोष्ट आपली आणि कुठली पेशंटची, ही रेषा पुसट होते, हे या घटनेतून कळते. आज आपल्याकडे ड्युटीवर रील बनवणाऱ्या मुलामुलींनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आता करिअरचे म्हणाल, तर जे मला समजले ते साध्या शब्दांत सांगते.

टीव्हीवर दिसले म्हणून नर्सची नोंदणी जात नाही. अडचण येते ती दुसऱ्याच वाटांनी. पहिली वाट रजेची. चित्रीकरण आठवड्याआठवड्यांचे असते. मंजूर रजा न घेता निघून गेले तर अनुभवाचे प्रमाणपत्र अडते. आखाती देशांत जायचे असेल तर डेटाफ्लोसारख्या पडताळणीत पदवी, नोंदणी आणि अनुभव हे थेट त्या त्या संस्थेला विचारून तपासतात. तिथे तुमचे सांदण कसे झाले होते हे कोणी विचारत नाही, मागच्या रुग्णालयाने काय लिहून दिले ते विचारतात. म्हणून रजा लेखी, परवानगी लेखी.

सरकारी नोकरी असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. परवानगीशिवाय मोबदल्याचे दुसरे काम करता येत नाही. आधी अर्ज, मग कार्यक्रम.

दुसरी वाट कराराची. बहुतेक कार्यक्रमांत आपले चित्रण कसे कापायचे, कुठे जोडायचे हे ठरवण्याचा हक्क निर्माते करारात आपल्याकडे घेतात. दहा तासांतले तुमचे रागाचे दहा सेकंद तेवढे दाखवले, तर पेशंटचे नातेवाईक तुम्हाला तेवढ्यावरच ओळखतील. त्यामुळे सगळेच कार्यक्रम एका मापाने मोजू नयेत. प्रश्नमंजुषेत ज्ञान दिसते, पाककृतीत हात दिसतो. पण एका घरात कोंडून भांडणे दाखवणाऱ्या कार्यक्रमात माणसाचा स्वभाव विकला जातो. सही करण्यापूर्वी करार एखाद्या वकिलाला दाखवावा. आणि बक्षिसाच्या रकमेवर ३० टक्के कर आधीच कापला जातो, हेही लक्षात ठेवावे.

तिसरी वाट युनिफॉर्मची. तो अंगावर चढवला की बोलणारी एकटी ती मुलगी राहत नाही, रुग्णालय बोलते. रुग्णालयाने लेखी हो म्हटले नसेल तर युनिफॉर्म, ओळखपत्र, वॉर्ड यांतले काहीही कॅमेऱ्यात नको. ब्रिटनमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या मुलींनी तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची आचारसंहिता वाचावीच. पेशाची प्रतिष्ठा सांभाळणे आणि समाजमाध्यमे जबाबदारीने वापरणे हे तिथे नर्सचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे.

हे सगळे नियम नवे असले तरी त्यामागची गोष्ट आपल्याला नवी नाही. प्रेषित (स.) यांच्या काळात हजरत रुफैदा (रजि.) जखमींची शुश्रूषा करत. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना मस्जिदमधल्या त्यांच्याच तंबूत ठेवले होते. चारचौघांत येऊन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काम करणारी ती बाई. तेव्हा बाईने लोकांना दिसावे की नाही, एवढ्यावर हया संपत नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट अमानत असते आणि दुसऱ्याची उणीव झाकावी, हे आपण मदरशात लहानपणीच शिकतो. आजारी माणूस नर्सपुढे जितका उघडा असतो तितका आपल्या मुलांपुढेही नसतो. त्याचे झाकण नर्सच्या हातात असते.

माझ्या विद्यार्थिनीने शेवटी घरच्या स्वयंपाकघरात व्हिडिओ केला. साधा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, दादीची मोदकपात्रासारखी जुनी भांडी आणि वाफेवरचे सांदण. नर्स आहे एवढेच सांगितले, रुग्णालयाचे नाव घेतले नाही, पेशंटचा विषय काढला नाही. महिना होऊन गेला, पुढचे बोलावणे आलेले नाही. परवा अब्बू बाजारात भेटले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आपा, अजून फोन नाही आला हो त्यांचा." आवाजात थोडी हुरहूर होती. मला हसू आले.

ती मात्र रात्रपाळी करते आहे. आला फोन तर रजेचा अर्ज तयार आहे, म्हणाली.

शेवटी भगिनींनो, एक आपल्यासाठी. आपल्यापैकी बऱ्याच घरांत कोणी ना कोणी नर्स आहे. ती ड्युटीवरून आली की आपण चटकन विचारतो, "अमक्याची सून ॲडमिट आहे म्हणे, काय झालंय तिला?" कॅमेरा नसतो, पण मागणी तीच असते. त्या दिवशी माझ्या हातात कागद होता, उद्या तुमच्या हातात चहाचा कप असेल. तिला दुसरे काही विचारा. जेवलीस का, पाय दुखतात का. पेशंटचे तिच्यापाशीच राहू द्या.