धूळ जाते कोठे? : व्हॅक्यूम क्लीनरच्या फिल्टरचा हिशेब

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे उन्हाळा हा धुळीचा ऋतू असतो. काळ्या मातीची शेते रिकामी पडलेली असतात, पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि दुपारी सुटलेला वारा बारीक माती घेऊन खिडक्यांच्या फटींतून घरात शिरतो. पावसाळा सरला की कापसाचा हंगाम येतो आणि हवेत तंतू तरंगू लागतात. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय व जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय यांच्यामुळे गावाचा विस्तार झाला, वाहनांची वर्दळ वाढली, बांधकामे वाढली. त्यांचीही धूळ आहेच. अशा गावातील व्यापारी कुटुंबाचे घर पुष्कळदा दुकानाच्या वर किंवा मागे असते. दुकानातील पिठाची भुकटी, पोत्यांचा कोंडा, कापडाचा भुसा जिना चढून घरात येतो.

यावर उपाय म्हणून अनेक घरांत व्हॅक्यूम क्लीनर आला. गुळगुळीत फरशीला झाडू आणि ओले पोछे पुरेसे असते. या यंत्राचा खरा उपयोग कापसाच्या गाद्या, सोफा, पडदे, गालिचे आणि पेढीवरील गादी, लोड व तक्के यांच्यासाठी. परंतु यंत्र घेताना जी चौकशी होते ती वॅटची, नळीच्या लांबीची आणि सवलतीची. फिल्टर कोणता आहे, तो वर्ध्यात मिळतो का, किती दिवसांनी बदलावा लागतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रत्यक्षात यंत्राचा गुण या तीन प्रश्नांवरच ठरतो.

रुमालापासून सुरुवात

व्हॅक्यूम क्लीनर धूळ नाहीशी करीत नाही. तो धुळीसह हवा ओढतो, धूळ अडवतो आणि हवा पुन्हा त्याच खोलीत सोडतो. अडवण्याचे काम कच्चे असेल, तर जड कचरा डब्यात राहतो आणि सर्वांत बारीक धूळ मागच्या जाळीतून बाहेर पडून खोलीभर तरंगते. फरशी स्वच्छ दिसते, पण श्वासातून आत जाणारी हवा झाडण्यापूर्वी होती त्याहून वाईट झालेली असते.

ही गोष्ट या यंत्राच्या जन्मापासूनच ठाऊक आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ ओढणारे मोठे यंत्र तयार केले. त्यापूर्वी त्याने एक साधा प्रयोग केला होता. खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढली, तेव्हा रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा डाग उमटला. तो रुमाल म्हणजे आजच्या फिल्टरचे मूळ रूप. पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यातील कँटन शहरात जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानात झाडलोटीचे काम करीत असे. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ सोसवत नव्हती. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून घरगुती यंत्र बनवले आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. ते हक्क हूव्हर कुटुंबाने घेतले आणि पुढे त्याच नावाने हे यंत्र जगभर पोचले. भारतात १९८२ साली स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सने घरोघरी प्रात्यक्षिक दाखवून ते मध्यमवर्गीय घरांत नेले. दम्याच्या रुग्णाच्या गरजेतून जन्मलेले हे यंत्र फिल्टरकडे दुर्लक्ष झाले की दम्याच्याच रुग्णाला त्रास देते.

फिल्टर एक नव्हे, दोन

बहुतेक घरगुती यंत्रांत धूळ अडवण्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली म्हणजे कचरा साठवणारी कापडी किंवा कागदी पिशवी, अथवा पिशवी नसलेल्या यंत्रातील पारदर्शक डबा. दुसरी पायरी मोटरच्या अलीकडील फिल्टरची. तो स्पंजचा किंवा कापडाचा असतो आणि मोटरचे रक्षण करतो. तिसरी पायरी हवा बाहेर पडते तेथील बारीक फिल्टरची. तो घरातील माणसांचे रक्षण करतो. मोटरच्या कार्बन ब्रशांची झीज होऊन जी काळी भुकटी निघते, तीही हाच शेवटचा फिल्टर अडवतो.

या शेवटच्या फिल्टरसाठी ‘हेपा’ हा शब्द वापरला जातो. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी अशा फिल्टरचा विकास झाला. आज शस्त्रक्रियागृहांच्या हवेसाठीही तो वापरला जातो. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणे ही त्याची अमेरिकी कसोटी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कणाच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. ०.३ हाच आकार निवडण्याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. याहून लहान कण हवेत सैरभैर हालत राहतात आणि त्यामुळे तंतूंना चिकटतात. मधल्या आकाराचे कण निसटण्यात सर्वांत पटाईत. त्यांना जो अडवतो, तो इतरांनाही अडवतो.

युरोपीय पद्धतीत फिल्टरांना प्रतवारी दिलेली असते. त्या प्रतवारीचा अर्थ टक्क्यांपेक्षा संख्येत मांडला तर व्यापारी वाचकाला लवकर उमगेल. सर्वांत निसटत्या आकाराचे १०,००० कण फिल्टरपर्यंत आले असे धरले, तर ई १० प्रतीच्या फिल्टरमधून १,५०० कण सुटतात, ई ११ मधून ५००, ई १२ मधून ५० आणि एच १३ मधून केवळ ५. ८५ टक्के आणि ९९.९५ टक्के हे आकडे ऐकायला जवळचे वाटतात. सुटणाऱ्या कणांत मात्र तीनशे पटींचा फरक पडतो.

पाकिटावर ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असे लिहिलेले असेल आणि प्रत दिलेली नसेल, तर तो शब्द केवळ जाहिरातीचा समजावा. घरात दम्याचा रुग्ण, वृद्ध किंवा लहान मूल असेल तर एच १३ प्रतीचा आग्रह धरावा. इतर घरांत ई १२ पुरेसा ठरू शकतो. मात्र फिल्टर कितीही उच्च प्रतीचा असला, तरी त्याच्या कडेची रबरी पट्टी फाटलेली किंवा सैल असेल तर हवा सोपी वाट धरते आणि फिल्टरला वळसा घालून बाहेर पडते.

खरेदी करताना

फिल्टर आणायला जाताना यंत्राच्या तळाशी असलेल्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि जुना फिल्टर कागदात गुंडाळून सोबत न्यावा. दोन्ही शेजारी ठेवून लांबी, रुंदी, घड्यांची संख्या आणि कडेच्या पट्टीची जाडी पडताळावी. मूळ कंपनीचाच फिल्टर घ्यावा असे बंधन नाही. दुसऱ्या उत्पादकाचा फिल्टर नीट बसत असेल आणि त्यावर प्रत छापलेली असेल तर तोही चालतो. पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. ती नसेल तर माल घेऊ नये. बिल अवश्य घ्यावे. तक्रार करण्याची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नवे यंत्रच घ्यायचे असेल, तर त्याचे फिल्टर जवळच्या बाजारपेठेत मिळतात का हे आधी विचारावे आणि यंत्रासोबतच एक जादा संच घ्यावा. मॉडेल बंद झाले की सुटे भाग दुर्मीळ होतात आणि चालू स्थितीतील यंत्र केवळ फिल्टरअभावी माळ्यावर जाते. वार्षिक देखभालीचा करार करतानाही बारीक अक्षरातील मजकूर वाचावा. अनेक करारांत फिल्टर हा झिजणारा भाग म्हणून वगळलेला असतो. भेटीचे पैसे करारात येतात, फिल्टरचे वेगळे द्यावे लागतात.

धुणे, वाळवणे, बदलणे

स्पंजचा फिल्टर महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावा. सावंगीसारख्या धुळीच्या गावी उन्हाळ्यात पंधरवड्याने. तो पिळून न काढता हलक्या हाताने दाबावा आणि सावलीत किमान २४ तास वाळू द्यावा. गच्चीवरच्या रखरखीत उन्हात स्पंज ठिसूळ होतो आणि चिकटवलेल्या कडा सुटतात. पावसाळ्यात २४ तास पुरत नाहीत. ओलसर फिल्टर बसवला तर बुरशीचा वास घरभर पसरतो आणि ओल मोटरपर्यंत पोचते. म्हणून दोन संच ठेवून आलटून पालटून वापरणे सोयीचे.

बारीक फिल्टर उत्पादकाने ‘धुता येतो’ असे स्पष्ट लिहिले असेल तरच धुवावा. काचतंतूंचा किंवा कागदी फिल्टर एकदा भिजला की बाद झाला. तो ब्रशने घासणे किंवा सायकलच्या दुकानातील पंपाने फुंकणे हेही टाळावे. वरून तो स्वच्छ दिसतो, पण तंतूंची जाळी आतून फाटते. साधारणपणे ६ ते १२ महिन्यांत तो बदलावा. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी किंवा बदलावी. काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये.

वेळ झाल्याच्या खुणा यंत्र स्वतःच देते. ओढ कमी होते, आवाज चढा आणि किणकिणता होतो, मागून गरम व कुबट हवा येते. शंका असल्यास बूथचा रुमाल पुन्हा उपयोगी पडतो. हवा बाहेर पडते त्या जाळीपुढे पांढरा रुमाल एक मिनिट धरावा; जाळी झाकून हवा कोंडू नये. रुमाल काळवंडला तर फिल्टर किंवा त्याची पट्टी निकामी झाली आहे.

काही गोष्टी कोरड्या यंत्राने ओढूच नयेत. सिमेंट व पीओपीची भुकटी, उदबत्तीची राख, सांडलेली हळद किंवा पीठ फिल्टर काही मिनिटांत बुजवून टाकतात. अशी भुकटी ओल्या फडक्याने टिपणेच बरे. फिल्टर काढून यंत्र चालवण्याची सवयही काही घरांत दिसते, कारण त्याने ओढ वाढते. ती वाढलेली ओढ मोटरच्या आयुष्यातून वजा होत असते.

जमाखर्च

आता व्यवहार पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपल्या यंत्राची किंमत घालून हिशेब करावा. यंत्र ८,००० रुपयांचे आहे. फिल्टरवर खर्च न करता वापरले तर लहान घरगुती यंत्रांत मोटर बहुधा त्याच ओढलेल्या हवेने थंड होत असल्यामुळे ती तापत राहते. ते यंत्र ४ वर्षे टिकले असे धरल्यास वार्षिक घसारा २,००० रुपये झाला. दरवर्षी ६०० रुपयांचे फिल्टर घातले आणि यंत्र ८ वर्षे टिकले, तर घसारा १,०००, फिल्टर ६००, एकूण १,६०० रुपये. फिल्टर ‘वाचवणाऱ्या’ घराचे वर्षाला ४०० रुपये जादा गेले. आठवड्यातून दोनदा २० मिनिटे यंत्र चालवणाऱ्या घरात वर्षाचा वापर जेमतेम ३५ तास होतो. म्हणजे फिल्टरचा खर्च तासाला १७ रुपयांच्या आसपास पडतो. यात डॉक्टरांची फी, औषधे आणि रात्री खोकणाऱ्या आजीजवळ बसून काढलेले जागरण धरलेले नाही.

कापसाच्या जिल्ह्याला धुळीची ही बाजू नवी नाही. सूतगिरण्यांत आणि जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे तंतुमय धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांना ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसांचा विकार जडतो. घरातील धुळीचे प्रमाण त्या मानाने अत्यल्प. तरीही ज्याला आधीच दमा आहे, त्याला जुन्या गादीतून उडालेली धूळसुद्धा पुरते. म्हणून यंत्र चालत असताना आणि त्यानंतर अर्धा तास त्या माणसाने दुसऱ्या खोलीत बसावे. डबा किंवा पिशवी रिकामी करण्याचे काम त्याच्याकडे कधीही देऊ नये. ते घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून आणि नाकातोंडाला रुमाल बांधून करावे.

जयणेची बाजू

ज्या घरांत पुंजणी आहे, तेथे आणखी एक विचार होतो. यंत्राच्या ओढीत मुंग्या आणि बारीक किडेही सापडतात. गादी उचलल्यावर, पडदा सारल्यावर आधी पुंजणीने जागा हळुवार पुंजून घ्यावी, जीव दिसल्यास त्यांना बाजूला जाऊ द्यावे आणि मगच यंत्र लावावे. दोन मिनिटे जास्त लागतात. दुसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. धान्याचा कोंडा आणि ओल धरलेली धूळ पिशवीत महिनोन् महिने राहिली तर तेथे टोके, पाखरू आणि बुरशी यांची जीवोत्पत्ती होते आणि पुढच्या वापरात त्यांचा घात होतो. पिशवी वेळेवर कोरडी व रिकामी ठेवली तर तो प्रसंगच येत नाही.

यासाठी वर्षातील दोन वेळा ठरवून घ्याव्यात. चातुर्मास बसण्यापूर्वी, उन्हाळ्याची धूळ संपत आली आणि ऊन अजून आहे तोवर, सर्व धुण्याजोगे भाग धुऊन वाळवावेत व पिशवी रिकामी करावी. दिवाळीची आवराआवर आटोपली, गाद्या-तक्के झटकून झाले की बारीक फिल्टर नवा बसवावा. आवराआवरीपूर्वी नवा घातला तर वर्षाची सगळी धूळ त्याच्याच वाट्याला येते. बसवल्याची तारीख फिल्टरच्या प्लॅस्टिकच्या कडेवर न पुसणाऱ्या शाईने लिहावी आणि बिल घरखर्चाच्या वहीला जोडून ठेवावे. घरातील नव्या सुनेला किंवा कॉलेजातून सुट्टीला आलेल्या मुलाला फिल्टर काढून घालणे एकदा दाखवून द्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. ते घरात एकालाच येत असेल, तर त्या एकाच्या सवडीसाठी महिनोन् महिने अडून राहते.