देशोदेशींच्या वाटा : मॉरिशसचे तीन दिवस

बेटाचा प्रवास इतर प्रवासांहून थोडा निराळा असतो. काशीस किंवा काश्मिरास निघालेल्या मनुष्यास आपण सारा प्रदेश पाहून संपविला असें कधीं वाटत नाहीं. क्षितिजापलीकडे आणखी कांहीं तरी उरलेलेंच असतें. बेटाला मात्र चारी बाजूंनीं कांठ असतो. सकाळीं मोटार काढावी, समुद्राच्या कडेकडेनें फिरावें आणि दिवे लागण्यापूर्वीं मुक्कामीं परत यावें, एवढ्यांत बेट झालें असें वाटूं लागतें. म्हणूनच बेटावर गेलेल्या प्रवाशाला तें पाहण्यापेक्षां उरकण्याचा मोह अधिक होतो. आपल्या मंडळींपैकीं पुष्कळजण आतां मॉरिशसला जातात. तेव्हां भाड्याची मोटार व वाटाड्या घेऊन हें बेट कसें पाहावें, याविषयीं या वेळीं चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

नकाशा उघडला म्हणजे प्रथम एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. विषुववृत्ताच्या उत्तरेस जितक्या अंशांवर आपलें नाशिक आहे, जवळजवळ तितक्याच अंशांवर, पण दक्षिणेस, हें बेट आहे. ऊन ओळखीचें, ऋतु मात्र उलटे. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होतो तेव्हां तेथें थंडी पडूं लागते, आणि आपल्या संक्रांतीच्या सुमारास तेथें उकाडा व तुफानांचे दिवस असतात. वृद्ध माणसें व मुलें बरोबर असतील तर मे ते ऑक्टोबर हे महिने बरे. बेटाची लांबी सुमारें ६५ किलोमीटर व रुंदी सुमारें ४५ किलोमीटर. इंग्रजांनीं १८१० सालीं तें फ्रेंचांपासून घेतलें. म्हणून गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनें धांवतात. गांवांचीं नांवें मात्र बहुतेक फ्रेंच, आणि लोकांच्या तोंडची भाषा क्रेओल.

बेट पाहण्याचे मार्ग तीन. सहलीच्या मोठ्या बसमधून गेल्यास खर्च कमी येतो. परंतु उतरणें, पाहणें व पुन्हा चढणें हें सर्व दुसऱ्याच्या घड्याळावर चालतें. मोटार स्वतः चालविली तर चालविणारा रस्त्याखेरीज दुसरें कांहीं पाहूं शकत नाहीं. चालकासह खासगी मोटार ठरविणें हा तिसरा मार्ग, आणि आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांना तोच सोयीचा. आजीचे गुडघे, लहानग्याची अवेळची भूक आणि मामंजींचें दुपारचें औषध यांची दखल बसवाला घेत नाहीं. आपल्या भाड्याचा मोटारवाला घेतो. जातां जातां एक सूचना. सामान मांडीवर घेऊन मागच्या बांकावर बसण्याची पाळी प्रत्येक दिवशीं सुनेवरच येते, असें बहुतेक सहलींत दिसतें. पुढची जागा सर्वांना आळीपाळीनें द्यावी. शामारेलकडील रस्ता वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांना त्या दिवशीं तरी पुढें बसवावें.

व्यवहार मात्र आधींच चोख करावा. पूर्ण दिवसाची रक्कम किती, तास किती, पेट्रोल व थांबण्याचे पैसे त्यांत धरले आहेत कीं नाहींत, ठिकाणांचीं प्रवेशशुल्कें कोणीं द्यावयाचीं, हें सर्व कागदावर लिहून घ्यावें. पर्यटकांच्या गांवीं सर्वत्र आढळणारी दुकानदारांच्या दलालीची रीत येथेंहि आढळल्यास नवल नाहीं. तेव्हां दुकानांत किती वेळ घालवावयाचा, किंवा मुळींच घालवावयाचा नाहीं, हें सकाळीं निघतांनाच गोडीनें सांगावें. म्हणजे दुपारीं मनें कडू होत नाहींत.

आतां मुख्य गोष्ट. सहलीचा नेहमींचा क्रम असा असतो कीं, पहिल्या दिवशीं सुंदर किनारा, दुसऱ्या दिवशीं धबधबे आणि रंगीत माती, आणि राजधानीचें पोर्ट लुई शहर वेळ उरल्यास शेवटीं. आमचें म्हणणें असें कीं, हा क्रम उलटावा आणि पहिल्या सकाळीं मोटार प्रथम पोर्ट लुईच्या बंदरावर, आप्रवासी घाटावर न्यावी. पूर्वीं यालाच कुली घाट म्हणत. फार मोठें स्थळ नाहीं. कांहीं दगडी खोल्यांचे अवशेष आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या, एवढेंच. तरी २००६ सालीं युनेस्कोनें या जागेस जागतिक वारशाचा मान दिला आहे.

त्याचें कारण असें. उंसाची लागवड करणारे गुलाम १८३५ च्या १ फेब्रुवारीस कायद्यानें मुक्त होणार हें मळेवाल्यांस कळून चुकलें होतें. त्यांच्या जागीं कराराचे मजूर आणून पाहण्याचा प्रयोग इंग्रज सरकारनें या बेटावर केला. १८३४ च्या २ नोव्हेंबरला अॅटलास नांवाच्या जहाजानें कलकत्त्याहून छत्तीस मजूर येथें आणले. करार पांच वर्षांचा, वेतन दरमहा पांच रुपये. पुढें कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून १९२० पर्यंत सुमारें साडेचार लाखांवर माणसें या बंदरांत उतरलीं. कांहीं येथून इतर वसाहतींत पाठविलीं गेलीं, कांहीं मुदत भरल्यावर परतलीं, बरीचशीं येथेंच राहिलीं. घाटावर त्यांची नोंद होई, दोन रात्री मुक्काम होई, आणि मग मळ्यांवर वांटणी होई. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत या नोंदी जपून ठेवल्या आहेत. कित्येक नोंदींबरोबर मजुरांचीं छायाचित्रेंहि आहेत, आणि आजहि लोक तेथें आपल्या पणजोबांचें नांव शोधावयास येतात.

हें पाहून मोटारींत बसलें म्हणजे बेट निराळें दिसूं लागतें. रस्त्याच्या दोहों बाजूंस उंसाचीं शेतें लागतात. तोडणी साधारणपणें जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते. ऊंस उभा असतांना कांहीं दिसत नाहीं; तो निघाला कीं शेताच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग उघडे पडतात. बेट ज्वालामुखीपासून झालेलें. जमिनींत धोंडेच धोंडे. ते हातांनीं वेंचून, वाहून, रचून जमीन नांगराजोगी केली, ती प्रथम गुलामांनीं आणि मागून या मजुरांनीं. सहलीच्या पत्रकांत या ढिगांस सहसा जागा नसते. चालकास सांगून एखाद्या ढिगापाशीं मोटार थांबवावी आणि मुलांना दाखवावा. आपल्या घरीं चहांत पडणारी साखर कोठून येते, आणि तिच्यासाठीं काय काय उचलावें लागतें, हें त्यांना तेथें चटकन् कळेल.

त्याच दिवशीं उत्तरेस पांपलमूसचें वनस्पति-उद्यान पाहावें. तेथील कमळांचीं ताटाएवढालीं पानें सर्वांना ठाऊक असतात. त्यांहून नवलाचें झाड म्हणजे टालिपॉट ताड. तो कित्येक दशकें नुसता वाढतो, आयुष्यांत एकदांच फुलतो आणि मग मरतो. या उद्यानास शिवसागर रामगुलाम यांचें नांव दिलें आहे. १९६८ च्या १२ मार्चला देश स्वतंत्र झाला तेव्हांचे हे पंतप्रधान. त्यांचे वडील बिहारमधून करारावर आलेले मजूर होते. स्वातंत्र्याला तो दिवस निवडला, त्याचें कारण दांडीयात्रेचें स्मरण. १९०१ सालीं दक्षिण आफ्रिकेहून परततांना गांधीजींचा या बेटावर कांहीं आठवडे मुक्काम झाला होता. दुपारीं भूक लागली तर रस्त्यावरची ढोल पुरी घ्यावी. डाळीचें सारण भरलेली ही मऊ पोळी आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची मावसबहीणच म्हणावी. मात्र तिचें माहेर बिहार.

दुसरा दिवस नैर्ऋत्येचा. क्युरपीप हें गांव पठारावर आहे आणि तेथें भुरभुर पाऊस नेहमींचाच. आजींची शाल हाताशीं ठेवावी. तेथून ग्रां बासँचें तळें. ज्वालामुखीच्या मुखांत साठलेल्या या पाण्यांत भारतांतून आणलेलें गंगाजल मिसळून लोकांनीं त्यास गंगा तलाव केलें. महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें कांवडी घेऊन पायीं येथें येतात. पुढें शामारेलची रंगीत माती. पावसानें बेसाल्ट खडक झिजून व कुजून त्यांतील लोहाचे व अॅल्युमिनियमचे अंश मागें राहिले; त्यांमुळें तांबडा, जांभळा, पिंवळा असे पट्टे दिसतात. मग समुद्राकांठीं ५५६ मीटर उंचीचा ल मोर्न डोंगर. मळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्यांत लपून राहत. १८३५ सालीं मुक्तीची वार्ता घेऊन येणारे शिपाई पाहून, हे आपणांस धरावयास आले असें समजून त्यांनीं कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथें सांगतात. २००८ सालीं हा डोंगरहि जागतिक वारशांत गणला गेला. त्याच्या पायथ्याचा निळा समुद्र फार सुंदर आहे. तो अवश्य पाहावा. पण वर कड्याकडेहि एकवार मान वर करून पाहावें.

परतीच्या वाटेवर कास्काव्हेल नांवाचें गांव लागतें. येथें आपण मराठी माणसांनीं थोडें थबकलें पाहिजे. मुंबई बंदरांतून गेलेल्या मजुरांत रत्नागिरीकडील कुणबी-मराठे पुष्कळ होते. त्यांनीं या गांवीं १८९६ सालीं गणेशोत्सव सुरू केला, असें तेथील मंडळी सांगतात. आज गणेशचतुर्थी ही साऱ्या देशाची सार्वजनिक सुटी आहे. घरची बोली बहुतेकांची आतां क्रेओल झाली आहे. तरी शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि कोंकणांतला जाखडी नाच झाकरी या नांवानें गणपतीपुढें आजहि होतो.

येथें एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या सुशिक्षित घरांत समुद्रगमन करावें कीं नाहीं, आणि केल्यास प्रायश्चित्त कोणतें घ्यावें, यावर शास्त्रार्थ चालले होते. त्याच वेळीं कोंकणांतलीं हीं माणसें समुद्र ओलांडून कधींच पलीकडे गेलीं होतीं. त्यांना शास्त्रार्थ करण्यास सवड नव्हती. घरीं भात नव्हता. आणि ज्या गोष्टी सोंवळ्यांत जपाव्या म्हणून आपण घरीं बसलों होतों, त्या गोष्टी, म्हणजे गणपति, आरती आणि भाषा, त्यांनीं सोंवळें सोडूनहि जपल्या. आज आपलीं मुलें विमानानें परदेशीं जातात आणि आपण त्यांचें कौतुक करतों. तें करावेंच, पण या पहिल्या प्रवाशांची ओळखहि त्यांना करून द्यावी.

आतां ज्याच्या हातीं आपली मोटार आहे त्याच्याविषयीं. या देशाची सुमारें दोन तृतीयांश वस्ती भारतीय वंशाची आहे; तेव्हां आपला चालक त्या सोळा पायऱ्या चढून आलेल्या कोणा मजुराचाच पणतू असण्याचा संभव बराच आहे. नसला तर गुलामीची आठवण जपणाऱ्या क्रेओल घरचा असेल, आणि त्याच्यापाशींहि सांगण्यासारखें पुष्कळ असेल. पण आपण फक्त पुढचें स्थळ किती दूर, एवढेंच विचारलें तर तो तेवढेंच सांगेल. त्याचें गांव कोणतें, आजोबा काय करीत, घरीं सण कोणते होतात, हें आदरानें विचारावें. आणि सांगावयाचें नसल्यास आग्रह करूं नये. दुपारच्या जेवणास त्याला आपल्याच मेजावर बसवावें. आपण आंत पंगत मांडावी आणि त्यानें बाहेर गाडींत डबा उघडावा, हें शोभत नाहीं. सूतपुत्र म्हणून कर्णाला हिणविणारे लोक आपल्याच महाभारतांत आहेत, आणि हातीं लगाम धरून गीता सांगणारा सारथीहि त्यांतच आहे. कित्ता कोणाचा गिरवावयाचा तें ज्याचें त्यानें ठरवावें.

तिसरा दिवस आग्नेयेस माएबुर्गसाठीं ठेवावा. १५९८ सालीं डच प्रथम याच बाजूस उतरले. त्यांच्या पाठोपाठ आलेल्या जनावरांनीं व माणसांनीं शतकभरांत डोडो पक्षी नाहींसा केला. गांवांत इतिहासाचें चांगलें संग्रहालय आहे. याच किनाऱ्याजवळ २०२० च्या २५ जुलैला वाकाशिओ नांवाचें जहाज प्रवाळावर चढलें आणि पुढें सुमारें हजार टन तेल समुद्रांत सांडलें. तेव्हां लोकांनीं उंसाचें पाचट कापडांत भरून त्याचे लांबच लांब बांध शिवले आणि तेल अडविण्यासाठीं पाण्यांत सोडले. ज्या पिकानें त्यांच्या पूर्वजांची पाठ वांकविली, त्याच्याच पाचटानें त्यांनीं आपला किनारा राखण्याची धडपड केली.

तीन दिवसांत याहून अधिक स्थळें बसविण्याचा आग्रह धरूं नये. यादींतलीं दोनचार गाळावीं आणि उरलेल्यांत बसून, विचारून, ऐकून घ्यावें. घरीं परतल्यावर छायाचित्रें तर सर्वांना दाखविलीं जातीलच. मुलांना मात्र सांगावें कीं, आपला मोटारवाला कोणत्या गांवचा होता आणि त्याच्या घरची काय हकीकत होती, ती एका पानावर लिहून काढा. तें पान कोरें राहणार नाहीं, एवढी काळजी प्रवासांतच घ्यावी.