संयम आमचा, जबाबदारी कुणाची?

चरोद्याच्या मार्शलिंग यार्डातून रात्रपाळी करून निघालेल्या माणसाला पहाटे काय मिळते? चहा, बिस्किटाचा पुडा, नमकीन, समोसा. पुढे वैद्यकीय तपासणीत साखर चढलेली निघते, गाडीवरून उतरवले जाण्याची भीती उभी राहते आणि उपदेश मिळतो : तोंडावर ताबा ठेवा!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये २१ टक्के स्त्रिया व १९ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा जास्त वजनाचे होते. २०१९-२१ मध्ये हे आकडे २४ व २३ झाले. इतक्या लोकांचा संयम एकाच वेळी सुटला काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी तेल १० टक्के कमी वापरण्याचे आवाहन केले. आवाहन योग्यच. पण त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटांवरील जीएसटी १८ वरून आणि पाकीटबंद नमकीनवरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. घरच्या फोडणीला उपदेश, कारखान्याच्या तळणीला सवलत!

चिलीने २०१६ पासून जास्त साखर, मीठ व चरबीच्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला. आपल्याकडे २०२२ च्या सरकारी मसुद्यात तारे आले. तारा हे बक्षीस वाटते, इशारा नव्हे.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट हवी : पाकिटावर ठळक इशारा, जेवणाची हक्काची सुट्टी, आणि यार्डात तसेच टपाल छाटणी कार्यालयात रात्रभर ताजी पोळी-भाजी देणारे कॅन्टीन. संयम आपण पाळूच. पण निवड करायला ताटात दुसरे काही असले पाहिजे.